पंचविसावी फाईल

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण पुढे जे लिहितेय त्यात माझ्या पदरचं काही नाही. हे माझ्या धाकट्या जावेच्या बाबतीत घडलं, आणि तिला थाप मारता येत नाही. मारायला गेली की तिचे कान लाल होतात. हे सांगताना ते लाल झाले नव्हते.

पांढरे पडले होते.

आणि हो, अशा गोष्टी रात्री घडतात म्हणतात. ही घडली गुरुवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. लख्ख ऊन. खिडकी सताड उघडी. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं, त्याचा खडखडाट वर ऐकू येत होता.

म्हणूनच मला ही गोष्ट जास्त लागली. रात्रीची असती तर दिवा लावून झोपले असते. दुपारला काय लावणार?

धाकटीला आम्ही घरात धाकटीच म्हणतो. वय सेहेचाळीस. मुलीचा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात धूळ खात पडला होता, तो पुसता पुसता ही तो चालवायला शिकली. क्लास नाही, शिकवणी नाही. गॅसवर दूध तापेपर्यंत एक धडा, कपडे वाळेपर्यंत दुसरा. तीन वर्षांत चक्क प्रोग्राम लिहायला लागली, आणि एक दिवस नोकरी घेऊन घरी आली.

सासूबाई म्हणाल्या, "या वयात बायका गुडघे सांभाळतात. ही कारखाना सांभाळायला निघाली."

दीर म्हणाले, "तीन महिन्यांची बोली आहे, आई. येईल परत."

हे 'येईल परत' धाकटीच्या काळजात रुतून बसलं. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हे लक्षात ठेवा. ती नोकरी तिला टिकवायची होती. पगारापेक्षा त्या दोन शब्दांसाठी.

ऑफिस म्हणजे एका अरुंद जिन्यावरच्या दोन खोल्या. मालक, एक वायरमन आणि ही. काम हाकेच्या घंटांचं. वृद्धाश्रमात, दवाखान्यात प्रत्येक खोलीत एक छोटी डबी बसवायची. डबीला बटण. म्हाताऱ्या माणसाने बटण दाबलं की मेट्रनच्या टेबलासमोरचा बोर्ड 'टिंग' करतो आणि त्यावर अक्षरं उमटतात. 'खोली सात बोलावते आहे.'

बस्स. इतकंच.

प्रत्येक डबीचा प्रोग्राम वेगळा. मी विचारलं, "सगळ्यांना मिळून एकच का नाही गं?"

"एक बिघडला तर बाकीचे चालू राहायला हवेत ना, ताई."

पण चोवीस प्रोग्राम हाताने कोण लिहीत बसणार? त्यासाठी एक स्क्रिप्ट असते. स्क्रिप्ट म्हणजे मुकादम समजा. त्याच्या एका हातात खोल्यांची यादी, दुसऱ्या हातात साचा. यादीतली एक ओळ वाचायची, साच्यात खोलीचा नंबर बसवायचा, फाईल लिहायची. ती फाईल कंपायलरकडे द्यायची. कंपायलर त्या मजकुराचा चालणारा प्रोग्राम करून देतो. मग पुढची ओळ. चोवीस ओळी, चोवीस फायली, चोवीस प्रोग्राम. दोन मिनिटांचा खेळ, आणि माणसाने मध्ये बोट घालायचं नाही.

ही स्क्रिप्ट धाकटीच्या आधी तिथे असलेल्या माणसाने लिहिली होती. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. मास्तर अचानक नोकरी सोडून गेला होता. का, ते कुणी सांगत नव्हतं. धाकटीने स्क्रिप्ट स्वच्छ केली, आणि तिच्यात जागोजाग टिपा लिहिल्या. मशीन अशा टिपा वाचत नाही, त्या माणसासाठी असतात. हिच्या टिपा कशा? तर स्वतःशीच बोलल्यासारख्या.

'इथे अर्धविराम विसरलीस तर पुढचं सगळं कोसळेल, बाई.'

'घाबरू नकोस, ही चूक पहिल्यांदा सगळ्यांची होते.'

वायरमन त्या वाचून खो खो हसायचा. "ताई, हा प्रोग्राम आहे की सासरी निघालेल्या मुलीला पत्र?"

तर गुरुवार. पुढच्या बुधवारी एका वृद्धाश्रमात बोर्ड बसवायचा होता. चोवीस खोल्या. धाकटीने यादी दोनदा तपासली आणि स्क्रिप्ट चालवली. जुनं मशीन. एकेक फाईल झाली की आतून 'कर्र' असा आवाज यायचा. ती पाणी प्यायला उठली, परत आली.

पडद्यावर शेवटची ओळ होती.

'पंचवीस फायली तयार.'

तिला वाटलं, जुनी एखादी फाईल फोल्डरमध्ये राहिली असेल. या कामातली ही नेहमीची चूक. मागची खरकटी भांडी न काढता नवी पंगत वाढायची. तिने फोल्डर रिकामा केला. पुन्हा चालवलं.

पंचवीस.

यादी मोजली. बोट लावून, मोठ्याने. चोवीस. शेवटी एखादी रिकामी ओळ लोंबत असेल, तीही बघितली. नव्हती.

मग तिने ती पंचविसावी फाईल उघडली.

स्क्रिप्टने लिहिलेल्या प्रत्येक फाईलच्या डोक्यावर एक ओळ आपोआप पडायची. 'ही फाईल स्क्रिप्टने बनवली आहे. हाताने बदलू नये.' चोवीस फायलींवर ती होती.

पंचविसावीवर...

नव्हती.

म्हणजे ती स्क्रिप्टने लिहिलेली नव्हती. कुणीतरी हाताने लिहिली होती.

बाकी मजकूर तसाच. फक्त खोलीच्या नंबराची जागा कोरी होती. आणि आणखी एक ओळ गाळलेली होती. साच्यात असतं, 'बटण दाबलं, तर हाक पाठव.' इथे बटणाचा पत्ताच नव्हता. 'हाक पाठव. चाळीस सेकंद थांब. पुन्हा पाठव.'

ज्याला बटण दाबता येत नाही, त्याच्यासाठी लिहिल्यासारखी.

धाकटीचा पहिला संशय वायरमनवर गेला. तो चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, पण खोड्यांच्या बाबतीत दुसरीतला.

"दादा, माझ्या मशीनला हात लावलात?"

"मी? ताई, मला त्यातलं काय कळतं? मी तार ओढणारा माणूस."

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"असं म्हणणारी बाई आधीच रागावलेली असते, हे माझ्या बायकोने मला शिकवलंय." मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू आटलं. "मुलींची शपथ, ताई. नाही लावला."

तो मुलींची खोटी शपथ घेणार नाही, हे तिला माहीत होतं. तरी संध्याकाळी निघताना तिने कीबोर्ड काढून कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप. किल्ली पर्समध्ये.

शुक्रवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. कुलूप उघडून कीबोर्ड जोडला. मशीनची बाहेरची सगळी जोडणी काढली. नेटची तार उपटून टेबलावर ठेवली, डोळ्यांसमोर. म्हणजे बाहेरून कुणी शिरणार नाही. एका बाजूला फोल्डर उघडा ठेवला. त्यात फाईलचं नाव दिसतं आणि शेजारी आकार, किती अक्षरांची आहे तो.

स्क्रिप्ट चालवली. हात मांडीवर ठेवून बसली.

कर्र. कर्र. कर्र. चोवीस वेळा.

एकेक फाईल पूर्ण आकाराने टपकन पडत होती. मुकादम सगळं एका दमात लिहितो. थांबून विचार करायला त्याला डोकं कुठे असतं?

चोवीस झाल्या. स्क्रिप्ट इथे संपायला हवी होती.

संपली नाही.

शांतता. पंख्याचा आवाजही जरा खाली गेल्यासारखा वाटला...

फोल्डरमध्ये पंचविसावं नाव आलं. आकार शून्य.

मग एक.

दोन.

तीन.

थोडं थांबून, चार.

धाकटी सांगते, "ताई, ते लिहीत होतं. एकेक अक्षर. मी नव्याने शिकत होते तेव्हा मी जसं लिहायचे, तसं. कीबोर्डवर अक्षर शोधत शोधत."

आकडा वाढत एकसष्टवर गेला. तिथे थांबला. आणि मग...

साठ. एकोणसाठ.

चूक झाली होती. कुणीतरी ती खोडत होतं.

धाकटीने कीबोर्डकडे बघितलं. त्यावर कुणाचीच बोटं नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

बारा मिनिटांनी एक शेवटची 'कर्र' झाली. 'पंचवीस फायली तयार.'

"ही पंचविसावी कुणासाठी, बाई?"

ती खुर्चीतून उडालीच. मागे मालक उभे होते. कधी आले कळलंही नाही.

मालक वाईट माणूस नाही, पण संशयी. जास्तीचा प्रोग्राम म्हणजे त्यांच्या मते चोरवाट. आपला माल बाहेर न्यायची, नाहीतर उद्या गिऱ्हाइकाच्या बोर्डात शिरायची.

"सर, ती आपोआप होतेय."

"आपोआप माझ्या डोक्यावर केसही उगवत नाहीत. खरं काय ते सांगा."

"खरंच सांगतेय."

त्यांनी उपटलेली तार बघितली. रिकाम्या ऑफिसात एकटी बसलेली बाई बघितली. त्यांच्या जागी मी असते तर मलाही शंका आलीच असती.

"बुधवारी चोवीस डब्या, चोवीस प्रोग्राम," ते म्हणाले. "त्यावर एक जरी निघाला, तर गुरुवारी येऊ नका."

येईल परत. तिच्या कानात तेच वाजलं.

दुपारी जिन्यात उभं राहून तिने मास्तरला फोन लावला. नंबर वायरमनने दिला, तोही तीनदा विनवल्यावर. पलीकडे पाण्याचा खळखळाट आणि शिट्टीचा आवाज येत होता. मास्तर आता मुलांना पोहायला शिकवतो. कॉम्प्युटरला हात लावत नाही.

"मास्तर, मी तुमच्या जागेवर आलेय. एक विचारायचं होतं. तुमच्या स्क्रिप्टमधून कधी जास्तीची फाईल..."

शिट्टी थांबली.

"कितवी?" त्याने विचारलं.

"यादीपेक्षा एक जास्त. दरवेळी."

"ती कंपाईल होते?"

"होते की. प्रोग्राम तयार होतो."

पलीकडे मास्तरने मुलांना कडेला धरून राहायला सांगितलं.

"माझ्या वेळी होत नव्हती," तो म्हणाला. "चुका असायच्या. अर्धविराम विसरलेला. कंस उघडा. कंपायलर फेकून द्यायचा. नवशिक्या माणसाच्या चुका असतात ना, तशा. मी दोन वर्षं रोज बघायचो. रोज त्याच चुका."

"मग आता?"

"आता त्याला कुणीतरी शिकवलं असणार."

धाकटी जिन्यावर खाली बसली. कारण तिच्या डोळ्यांसमोर तिच्याच टिपा आल्या. इथे अर्धविराम विसरलीस तर... घाबरू नकोस... ही चूक पहिल्यांदा सगळ्यांची होते...

"ते कोण आहे, मास्तर?"

"मी विचारलं नाही, बाई. तुम्हीही विचारू नका. मी ठेवतो, मुलं पाण्यात आहेत."

बुधवार आला. तिने काय करावं? स्क्रिप्ट चालवली, पंचवीस झाल्या, तिने पंचविसावी काढून टाकली. कचरापेटीतूनही काढली. चोवीस डब्यांत चोवीस प्रोग्राम भरले, मालकांनी स्वतः मोजले, आणि तिघं वृद्धाश्रमात गेले.

स्वच्छ इमारत, दोन मजले. फिनेलचा वास. मेट्रनबाई उंच, कडक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. वीस वर्षं तिथेच. वायरमन खोलीखोलीत जाऊन बटण दाबायचा, बोर्ड 'टिंग' करायचा, नंबर उमटायचा. चोवीसच्या चोवीस बरोबर. मालक पहिल्यांदाच धाकटीकडे बघून हसले.

वायरमन शेवटची खोली उरकून हात पुसत समोर येऊन उभा राहिला. सगळे बोर्डासमोर होते. बटणाजवळ कुणीही नव्हतं.

टिंग.

बोर्डावर एकच ओळ...

'बोलावते आहे.'

नंबर नाही. खोली नाही. नुसतंच बोलावते आहे.

"हे काय?" मेट्रनबाईंनी विचारलं.

मालकांचं हसू जागच्या जागी गोठलं. चाळीस सेकंदांनी पुन्हा टिंग.

"किरकोळ आहे, सर," धाकटी म्हणाली. आपला आवाज एवढा शांत कसा, याचं तिलाच नवल वाटलं. बोर्डाचा प्रोग्रामही तिचाच होता. तिने त्यात एक ओळ लिहिली. 'खोली नसलेली हाक दाखवू नये.'

बोर्ड गप्प झाला.

गुरुवारी मालकांनी तिला कायम केलं. घरी दिरांनी सगळ्यांना आईस्क्रीम आणलं. सासूबाई म्हणाल्या, "मी कधी नको म्हटलं होतं?" सगळे हसले. धाकटीही हसली. पण तिचं आईस्क्रीम वितळून गेलं, हे मी बघितलं. मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

दहा दिवसांनी मेट्रनबाईंचा फोन आला. अकरा नंबरच्या आजी न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. तीन वाजून पाच मिनिटांनी सापडल्या. बटण पलंगाजवळ, आणि आजी ओल्या फरशीवर. हाक मारून मारून घसा बसला होता. कुणाला ऐकू गेलं नाही.

"तुमचा बोर्ड काहीच बोलला नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "बटण दाबलं नाही तर तो तरी काय करणार म्हणा."

धाकटी तडक तिथे गेली. बोर्ड हाक दाखवत नसला तरी आत नोंद ठेवतो. तिने त्या दुपारची नोंद उघडली.

खोली नसलेली हाक. दर चाळीस सेकंदांनी. एकशे बहात्तर वेळा. आजी सापडल्या त्या मिनिटाला बंद.

एकशे बहात्तर वेळा कुणीतरी बोलावत होतं. आणि हिने त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं.

तिला रडू फुटलं. मेट्रनबाईंनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मग त्यांनी चष्मा लावून स्वतः नोंद वाचली, आणि त्यांचा हात पाठीवर थांबला.

"बाई... पहिली हाक कितीची आहे?"

"एक वाजून दहा."

"एक पंचवीसला मी स्वतः आजींचं ताट उचललं. पलंगावर बसून माझ्याशी गप्पा मारत होत्या. ठणठणीत."

धाकटीने नोंदीवर बोट ठेवून ती वेळ पुन्हा वाचली.

हाक आधी आली होती. पडणं नंतर.

त्या संध्याकाळी धाकटीने ती ओळ काढून टाकली आणि मालकांसमोर जाऊन उभी राहिली. पंचविसावी फाईल, बोर्ड, नोंद, सगळं सांगितलं. "सर, मी ती हाक पुन्हा चालू केलीय. ती ठेवायची नसेल तर मला काढा. मी परत ती बंद करणार नाही."

मालक बराच वेळ टेबलावरचा स्क्रू गोल फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "गिऱ्हाईक मेट्रनबाई आहेत. त्या म्हणतील तसं."

मेट्रनबाई म्हणाल्या, "दिसू दे."

पुढच्या महिन्यात ती हाक तीनदा आली. तिन्ही वेळा मेट्रनबाई आणि आया खोलीखोलीतून धावल्या. पहिल्या वेळी चार नंबरचे आजोबा जिन्याच्या तोंडाशी चक्कर येऊन कोसळता कोसळता धरले गेले. दुसऱ्या वेळी एकोणीस नंबरच्या बाईंचा श्वास अडकला होता, त्या वाचल्या. तिसऱ्या वेळीही कुणीतरी वाचलं.

धाकटी घरी येऊन मला हे सांगायची, तेव्हा मी म्हणायचे, "अगं, मग ते चांगलंच आहे की. राखण करतंय."

ती नुसती "हं" म्हणायची.

आणि मग तो मंगळवार. दुपारीच. मेट्रनबाईंचा ऑफिसात फोन आला. आवाजात नेहमीचा कडकपणा होता, पण धाप लागलेली.

"बाई, सकाळपासून तुमचा बोर्ड बोलावतोय. दोन वेळा सगळ्या खोल्या बघितल्या. चोवीसही ठीक आहेत. जेवले, बसलेत. काहीतरी बिघडलंय, वायरमनला पाठवा."

"सगळे ठीक?"

"सगळे. मोजून."

फोनमधून टिंग ऐकू आलं.

धाकटी खुर्चीतून उठली.

"मेट्रनबाई, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? बोर्डासमोर, माझ्या टेबलाशी."

"एकट्या?"

"आया वर आहेत. का?"

"आयांना हाक मारा. आत्ता. उठू नका, बसूनच राहा, पण मोठ्याने हाक मारा..."

"अहो पण मला काय धाड..."

टिंग.

मग किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग खुर्चीचा.

मग काहीच नाही. नुसतं चाळीस सेकंदांनी टिंग. पुन्हा टिंग.

धाकटीने वायरमनच्या फोनवरून आश्रमाच्या वरच्या मजल्यावर फोन लावला, किंचाळून सांगितलं, आया धावत खाली आल्या. हृदयाचा झटका होता. आणखी दहा मिनिटं गेली असती तर संपलं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मेट्रनबाई वाचल्या. महिनाभराने काठी टेकत ऑफिसचा तो अरुंद जिना चढून आल्या. वायरमनने खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"बाई, ते काढा."

"मेट्रनबाई, त्याच्यामुळे तुमचा जीव..."

"वाचला? की गेला होता, तो त्याच्यामुळेच? ते मला सांगा." त्यांनी काठी फरशीवर आपटली. "वीस वर्षं मी त्या इमारतीत आहे. वर्षाकाठी एखादा पडायचा. आता महिन्याला तीन. आणि मला आयुष्यात साधी चक्कर आलेली नाही. आधी ते बोलावतं, मग माणूस पडतं. बोलावतं म्हणजे कुणाला बोलावतं? आम्हाला मदतीला, की त्याला स्वतःकडे?"

मालकांनी धाकटीकडे बघितलं. वायरमननेही. तिने शब्द दिला होता, परत बंद करणार नाही म्हणून. आणि समोर काठी टेकून उभी असलेली बाई.

बंद केली आणि उद्या कुणी ओल्या फरशीवर पडून राहिलं तर? चालू ठेवली आणि ते एकेकाला बोलावत सुटलं तर?

"मग? काय केलंस तू?" मी तिला विचारलं.

"काही नाही, ताई. मी बोर्डाचा प्रोग्राम उघडला. हात कीबोर्डवर ठेवलाच नव्हता. मनात ठरत नव्हतं. आणि सगळ्यांच्या देखत..."

एक अक्षर उमटलं.

मग दुसरं. थांबून, तिसरं.

मालक, वायरमन, मेट्रनबाई आणि ही, चौघांनीही बघितलं. एकेक अक्षर, शोधत शोधत, एकदाही न चुकता. 'खोली नसलेली हाक दाखवू नये.' आणि शेवटी अर्धविराम. बरोब्बर जागेवर.

मेट्रनबाई आल्या तशा निघून गेल्या. वायरमन त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेला, तो तासभर वर आलाच नाही. मालक त्या दिवसापासून स्क्रिप्ट चालू असली की बाहेर जाऊन उभे राहतात.

याला आता दोन महिने होऊन गेले. आश्रमात कुणी पडलेलं नाही. एकही नाही. बोर्डाच्या नोंदीत खोली नसलेली एकही हाक नाही. धाकटीची नोकरी चालू आहे.

परवा दुपारी ती माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, "सुटलात बाई एकदाच्या. तुमचं बोलणं त्याने ऐकलं म्हणायचं. शहाणं निघालं."

तिच्यासमोर चहा ठेवला होता. चहावर साय धरली तरी उचलेना.

"ताई," ती म्हणाली, "ते बोलवायचं थांबलंय."

"तेच म्हणतेय मी."

"लिहायचं थांबलंय, असं मी कुठे म्हटलं?"

मी विचारलं, काय लिहितंय? "पंचविसाव्या फाईलमधली खोलीची जागा आता कोरी नसते," एवढंच ती म्हणाली. उठली, चपला घातल्या. आमच्या जिन्याला सात पायऱ्या आहेत, ती लग्न होऊन आली तेव्हापासून धडधडत उतरते. परवा तिने कठडा दोन्ही हातांनी धरला आणि एकेक पायरी उतरत गेली.

मी दारात उभी राहून ती खाली पोहोचेपर्यंत बघत होते.

तेव्हापासून मीही कठडा धरते.